दुसरा रकाना

पुणे, १२ जून १९६४

प्रिय वहिनी,

दादाच्या पत्रात वाचलं की या उन्हाळ्यात तुमच्या बोटांचे सांधे बरे राहिले आणि गालांवरचे चट्टेही उतरले. बरं वाटलं. उन्हात छत्री विसरू नका, हे मी सांगायला नको. तीन वर्षं तुम्ही सांध्यांना नि कातडीला सुजवणारा हा ल्युपस सांभाळताय, त्यातलं तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं.

माझं एक काम आहे. रक्तात कोलेस्टेरॉल म्हणून चरबीचा एक प्रकार असतो. पुढच्या बुधवारी तपासणीला जाल तेव्हा तेवढं मोजून घ्या आणि आकडा मला कळवा. त्यासोबत तुमचा नेहमीचा ई.एस.आर., म्हणजे नळीत रक्त खाली बसण्याचा वेग, तोही कळवा. विशेष काही नाही, मला अभ्यासाला हवंय. दादाला यातलं काही सांगू नका, तो उगाच दहा प्रश्न विचारील.

तुमची
विद्या

*

राजाजीनगर, बेंगळूर, २५ जून १९६४

प्रिय विद्या,

काल इस्पितळात गेले होते. प्रयोगशाळेच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "ही तपासणी पन्नाशीच्या पुरुषांची. हार्टवाल्यांची. तुम्हाला कशाला?" मी म्हटलं, माझ्या नणंदेला अभ्यासाला आकडा हवाय. तो हसला आणि मी लिहून नेलेली चिठ्ठी परत दिली.

घरी येताना बसमध्ये मीही विचार केला. तू पुण्याच्या इस्पितळात रोज पन्नास माणसांचं रक्त तपासतेस. मग तुझ्या अभ्यासाला पाचशे मैलांवरचं माझंच रक्त कशाला हवं? आणि ते दादांपासून लपवून?

मी नऊ वर्षं मुलींना गणित शिकवते आहे. मधली पायरी कुणी गाळली की मला वहीवर बोट ठेवून दाखवता येतं. तू पायरी गाळली आहेस. तुझे दादा सकाळीच कारखान्याच्या बसने के. आर. पुरमकडे निघून जातात, टपाल दुपारी माझ्याच हातात पडतं. तेव्हा जे असेल ते सरळ लिही. आमच्या बेंगळुरी मराठीला तू हसतेस, पण त्यात खोटं बोलणं स्वल्प अवघड जातं.

तुझी
अनुसूयावहिनी

*

पुणे, १ जुलै १९६४

प्रिय वहिनी,

चुकलं माझं. सगळं लिहिते.

मे महिन्यात आमच्याकडे एक बाई वारली. एकोणतीस वर्षांची, दोन मुलांची आई. तिला तुमचाच आजार होता, पाच वर्षं सूज उतरवणाऱ्या त्याच प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू होत्या. छातीत जळजळतं, दाटतं म्हणून ती तीनदा येऊन गेली. गोळ्यांनी पित्त होतंच, म्हणून तिन्ही वेळा पित्ताचं औषध देऊन घरी पाठवलं. चौथ्यांदा आली ती शेवटचीच.

शवविच्छेदन झालं तेव्हा आमचे मुख्य, पद्माकर सर, यांनी मला बोलावून हृदयाच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. कात्रीखाली करकर वाजत होत्या. आत पिवळट थर, एक तर बंदच झालेली. सर म्हणाले, "ही साठीच्या माणसाची वाहिनी आहे. या मुलीत कशी आली?" तिच्या जुन्या नमुन्यात कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर निघालं.

ल्युपसच्या सगळ्याच बायकांना असं होतं का, की ती एकटीच दुर्दैवी, हे कुणालाच माहीत नाही. पुस्तकात शोधलं, एकदोन ओझरते उल्लेख आहेत. पण मी त्या दिवसापासून तुमचाच विचार करते आहे. घाबरवायचं नव्हतं, म्हणून लपवलं.

विद्या

*

राजाजीनगर, बेंगळूर, ६ ऑगस्ट १९६४

प्रिय विद्या,

तुझं पत्र वाचून एक दुपार मी काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. त्याच्या पुढच्या बुधवारी डॉ. नरसिंह यांच्यासमोर बसले आणि पत्रातलं सगळं सांगितलं. ते मोठे डॉक्टर आहेत, माझा आजार त्यांनीच ओळखला. त्यांचा माझा संवाद असा झाला:

"हे कुठं वाचलंत?"

"वाचलं नाही. एका बाईच्या हृदयात पाहिलेलं आहे."

"एका केसवरून काही सिद्ध होत नाही, टीचर."

"तेच म्हणते मी. बुधवारी तुमच्या दारासमोरच्या बाकावर आम्ही ल्युपसच्या आठजणी बसतो. आठजणींचं मोजा."

ते म्हणाले, "स्वल्प थांबा." उठून त्यांनी दार उघडलं, बाकाकडे पाहिलं. आम्ही सगळ्या तिशीच्या आतबाहेरच्या. परत येऊन त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि आठ नावं घातली.

चिठ्ठी घेऊन त्याच खिडकीवर गेले. त्या माणसाचं नाव कल्लाप्पा. आता हसला नाही. म्हणाला, "अक्का, याला जोरदार आम्ल लागतं, घाईनं होत नाही. दिवसाला दोन करीन." मग त्याने मला काचेतून दाखवलं. नळीत हिरवा रंग चढतो, जितका गडद तितकं कोलेस्टेरॉल जास्त. एक बाई म्हणाली, अंगात रक्त आधीच कमी, आणखी कशाला काढू देऊ? मी माझा हात आधी पुढे केला, मग तिने केला.

सोबत कागद जोडला आहे. पहिल्या रकान्यात कोलेस्टेरॉल, दुसऱ्यात ई.एस.आर. सगळ्यांत वर भाग्यलक्ष्मी म्हणून चोवीस वर्षांची मुलगी आहे, कोलेस्टेरॉल ३१८. गिरणीत कापड तपासायचं काम करते, फार हसरी. खालून दुसरी मी, १७८.

गोळ्यांनीही कोलेस्टेरॉल चढतं म्हणे, म्हणून डॉक्टरांनी भाग्यलक्ष्मीच्या गोळ्या हळूहळू कमी करायला घेतल्या आहेत आणि तिचं तूप बंद केलं आहे. तूप बंद केल्याबद्दल ती मला दोष देते.

तुझी
अनुसूयावहिनी

*

पुणे, १७ ऑगस्ट १९६४

प्रिय वहिनी,

कागद मिळाला. पहिल्यांदा खालून दुसरी ओळ वाचली आणि खुर्चीत बसले. १७८ हा आकडा माझ्यापेक्षाही चांगला आहे. तुमच्या हृदयाची मला आता काळजी उरली नाही, तुम्हीही करू नका. काळजी करायची ती भाग्यलक्ष्मीची.

पद्माकर सरांनी कागद भिंगाखाली धरल्यासारखा वाचला. म्हणाले, "तुझी वहिनी आमच्याकडे नोकरीला येईल का?" दर तीन महिन्यांनी असाच कागद पाठवा. आपण वर्षभर पाहू.

विद्या

*

राजाजीनगर, बेंगळूर, १९ नोव्हेंबर १९६४

प्रिय विद्या,

दुसरा कागद पाठवते आहे. भाग्यलक्ष्मी ३१८ वरून २७० वर आली. आम्ही बाकावर तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, तेव्हा नर्स रागावली. माझे आकडे होते तसेच आहेत, १८१. तुझं पत्र मी जपून ठेवलं आहे, तुझ्या दादांनाही त्यातलं माझ्या हृदयाबद्दलचं वाक्य वाचून दाखवलं. त्यांना आता सगळं सांगून टाकलं आहे. थोडे रुसले, मग सरी, ठीक आहे, म्हणाले.

बाकी ठीक. दसऱ्यानंतर गोळ्यांनी पित्त जरा वाढलं आहे. आमच्या शाळेला दोन जिने, वरच्या वर्गात पोचेपर्यंत मध्ये एकदा थांबावं लागतं. बत्तिसावं लागलं, वय झालं म्हणायचं. मुली माझी पिशवी वर नेतात, तेवढा आराम.

तुझी
अनुसूयावहिनी

*

बंगलोर, ९ जानेवारी १९६५

विद्या,

तार मिळाली असेलच. आज पाचवा दिवस आहे आणि डॉक्टर म्हणतात धोका टळतो आहे, म्हणून लिहायला बसलो.

सोमवारी अनुसूया शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता खाली बसली. घामाने भिजली होती, डावा हात हलवता येईना. मुख्याध्यापिकेने टॅक्सीने इस्पितळात नेलं. मला कारखान्यात निरोप मिळेपर्यंत आणि मी शहराच्या या टोकाला येईपर्यंत दोन तास गेले. कार्डिओग्राम काढला. हृदयविकाराचा झटका. सहा आठवडे बिछान्यातून उठायचं नाही.

तुला दुखवायला लिहीत नाही, पण मनात ठेवलं तर तुझ्याशी नीट बोलता येणार नाही. तिला तीन महिने दुखत होतं. मी डिसेंबरात म्हटलं, चल, दाखवून येऊ. तिने तुझं पत्र काढून दाखवलं. "तुमची बहीणच म्हणते, माझ्या हृदयाची काळजी नाही. हे पित्त आहे." तुझ्या शब्दावर तिचा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास आहे. तो तू जपून वापरायला हवा होतास.

उमाकांतदादा

*

पुणे, १४ जानेवारी १९६५

प्रिय वहिनी,

दादाने हे वाचून दाखवावं, तुम्ही हातात धरू नये.

दादा म्हणतो ते खरं आहे. मी एका बाईचा एक आकडा पाहिला आणि त्यावरून दुसरीला अभय देऊन मोकळी झाले. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी शिकवतात की आकडा सांगतो तेवढंच बोला. मी त्याच्यापुढे बोलले. पुण्याची ती बाई पित्ताच्या औषधावर घरी गेली, याचा मला राग आला होता. तुम्हाला तर मीच तसं घरी बसवलं.

दोन्ही कागद मी खणात ठेवून दिले आहेत. पद्माकर सरांना सांगितलं की हे काम मला पुढे करायचं नाही. तुम्ही बऱ्या व्हा, एवढंच. मला उत्तर लिहू नका.

विद्या

*

राजाजीनगर, बेंगळूर, ४ मार्च १९६५

प्रिय विद्या,

उत्तर लिहू नका म्हणालीस, म्हणून डॉक्टरांनी लिहायची परवानगी दिली त्याच दिवशी कागद मागवला.

आधी माझी चूक. नोव्हेंबरच्या पत्रात मी पित्त लिहिलं, ते पित्त नव्हतं. मला तेव्हाच कळत होतं. जिना चढताना डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत कुणी पिळतंय असं व्हायचं, घसा आवळायचा, थांबलं की जायचं. पित्त थांबल्याने जात नाही, हे मला समजत नव्हतं का? पण इस्पितळ, रजा, बिछाना, लोकांचं येऊन बघणं, हे सगळं मी तीन वर्षांपूर्वी एकदा भोगलं होतं. ते नको होतं. तुझं वाक्य माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी ते ढालीसारखं पुढे धरलं. तुझ्या दादांना मी हे सांगितलं आहे. तुला लिहितील.

आता कामाचं. बिछान्यात पडून मी दोन्ही कागदांच्या माझ्याजवळच्या प्रती रोज पाहते आहे, दुसरं करायला काही नव्हतं. आपण दोघींनी फक्त पहिला रकाना वाचला. त्यात भाग्यलक्ष्मी वर आणि मी खाली. दुसरा रकाना पाहा. ऑगस्टात माझा ई.एस.आर. ८४, नोव्हेंबरात ९०. बाकावरच्या कुणाचाही इतका नाही. भाग्यलक्ष्मीचा २२.

काल डॉ. नरसिंह आले तेव्हा विचारलं, "माझं कोलेस्टेरॉल चांगलं, मग माझ्याच वाहिनीला काय झालं?"

ते म्हणाले, "मला माहीत नाही."

विद्या, इतक्या वर्षांत डॉक्टरांना हे वाक्य बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "उभ्या नळीत रक्त तासाभरात किती खाली बसतं, तो आकडा काय दाखवतो?"

"शरीरात कुठंतरी दाह चालू आहे, एवढंच. कुठं आहे, ते दाखवत नाही."

"सांध्यात असतो, कातडीत असतो. वाहिनीच्या आत नसतोच, हे कुणी पाहिलंय का?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. एरवी ते उभ्यानेच बोलतात. म्हणाले, "तुमच्या नणंदेला जुने कागद काढायला सांगा."

तेव्हा खण उघड. तुझा आकडा खोटा नव्हता, अपुरा होता. अपुरं गणित फाडत नाहीत, पुढं सोडवतात. मला पुढच्या महिन्यात शाळेत जायचं आहे, तळमजल्याचे वर्ग मागून घेतले आहेत. त्याआधी तुझं उत्तर यावं.

तुझी
अनुसूयावहिनी

*

पुणे, ११ मे १९६५

प्रिय वहिनी,

दादाचं पत्रही मिळालं होतं. ते मी उशीखाली ठेवलं आहे.

खण उघडला. मग सरांच्या परवानगीने तळघरातले गठ्ठे उघडले, त्यातच उत्तराला उशीर झाला. आठ वर्षांतले आमच्याकडे ल्युपसच्या अकराजणींचे कागद सापडले. त्यातल्या तिघींच्या हृदयाला झटका आलेला, तिघीही चाळिशीच्या आतल्या. एक गेल्या वर्षी वारलेली ती बाई, तिचं कोलेस्टेरॉल जास्त. उरलेल्या दोघींचं तुमच्यासारखंच, अगदी साधं. ई.एस.आर. मात्र तिघींचा महिनोन्महिने ऐंशीच्या खाली उतरलेला नव्हता.

मला वाटलं, सापडलं. सरांकडे धावत गेले. त्यांनी दोन प्रश्न विचारले. बाकीच्या आठजणींत ई.एस.आर. चढलेल्या किती? चार. त्यांच्या हृदयाला काय झालं? काही नाही, निदान कागदात तरी नाही. सर म्हणाले, "मग हा आकडाही एकटा पुरत नाही. ज्वर आला तरी तो चढतो, क्षय असला तरी चढतो. आपण हवी ती तपासणी अजून शोधलेलीच नाही, विद्या. ती रक्तात कुठंतरी असेल. आपल्याला तिचं नाव माहीत नाही."

मागच्या वर्षीची मी असते तर खचले असते. या वेळी मी त्यांना म्हटलं, नाव कळेपर्यंत बायकांनी काय करायचं? त्यावर आम्ही दोघांनी बसून डॉ. नरसिंह यांना पत्र लिहिलं आहे. त्यात एकच विनंती आहे. ल्युपसच्या बाईने छातीत दुखतं म्हटलं, की तिचं वय कितीही असो, रक्ताचे आकडे कितीही चांगले असोत, त्याच दिवशी कार्डिओग्राम काढावा. पित्ताचं औषध त्यानंतर. आमच्या इस्पितळात सरांनी हा नियम सोमवारपासून केला आहे.

आणि मी प्रत्येकीच्या रक्ताचा थोडा अंश गोठवून ठेवायला लागले आहे, नाव आणि तारीख घालून. उद्या कुणी नवी तपासणी शोधली तर जुन्या रक्तावर करून पाहता येईल. मला ती करायला मिळेल की माझ्यामागून येणाऱ्या कुणाला, माहीत नाही. कल्लाप्पांना विचारा, त्यांच्याकडे बर्फपेटीत जागा होईल का.

तुमची
विद्या

*

राजाजीनगर, बेंगळूर, २६ ऑगस्ट १९६५

प्रिय विद्या,

कल्लाप्पाने बर्फपेटीचा वरचा कप्पा मोकळा केला आहे. आता बाकावर अकराजणी आहेत. नियमाचा कागद जुलैत बाह्यरुग्ण विभागात लागला, डॉ. नरसिंह यांच्या सहीचा. इंग्रजीत आणि कानडीत.

शुक्रवारी काय झालं ते ऐक. कावेरी म्हणून सत्तावीस वर्षांची बाई आहे, जूनपासून बाकावर येते. घरी शिवणकाम करते. तिला सकाळपासून छातीत दाटत होतं. ती बाह्यरुग्ण विभागात आली, तिथे नवे डॉक्टर होते, त्यांनी नाडी पाहिली, वय विचारलं आणि पित्ताचं औषध लिहायला घेतलं. नर्सने, त्याच रागीट नर्सने, भिंतीकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "सत्तावीस वर्षांच्या बाईचा कार्डिओग्राम?" नर्स म्हणाली, "वयाचं त्यात लिहिलेलं नाही, सर." काढला. हृदयाला रक्त कमी पोचत होतं. झटका अजून आलेला नव्हता. तिला तिथूनच खाटेवर नेलं.

दुसऱ्या दिवशी डॉ. नरसिंह यांनी शाळेत निरोप पाठवला. कावेरी राहायला तयार नव्हती. दुखणं थांबलं होतं, घरी दोन लग्नांचे कपडे शिवायचे पडले होते. मी मधल्या सुट्टीत गेले. ती खाटेच्या कडेवर बसली होती, चपला पायात.

म्हणाली, "अक्का, तुम्ही तरी सांगा यांना. माझं कोलेस्टेरॉल एकशे सत्तर आहे. कल्लाप्पांनी स्वतः सांगितलं, चांगलं आहे म्हणून."

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "माझं एकशे अठ्ठ्याहत्तर होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. बाकावर सगळ्यांना माहीत आहे मला काय झालं ते, पण हा आकडा तिला माहीत नव्हता. मग विचारलं, "तुम्हाला किती दिवस झोपवलं होतं?"

"सहा आठवडे. तू आधी आलीस, तुला कमी लागतील."

तिने चपला काढून खाटेखाली सारल्या आणि आडवी झाली. जरा वेळाने म्हणाली, ते कपडे भाग्यलक्ष्मीला द्या, तिचा हात बरा आहे. मी संध्याकाळी कावेरीच्या घरून कपडे घेतले, गिरणीच्या फाटकाशी भाग्यलक्ष्मीला गाठलं आणि ते तिच्या स्वाधीन केले.

कावेरी रविवारी घरी जाईल. तिचं रक्त सोमवारी आणि बुधवारी घेतलं आहे, दोन्ही कुप्या कप्प्यात आहेत. नव्या कागदात मी तिसरा रकाना आखला आहे. त्यात काय भरायचं ते अजून कुणालाच माहीत नाही, म्हणून तो कोरा ठेवून पाठवते आहे.

तुझी
अनुसूयावहिनी